वरच्या पट्टीचा स्क्रू

आमच्या ह्यांना सगळं गॅरेज मिस्त्री म्हणायचं. जुन्या गाड्यांचं आतलं काम आमचं. दारांची पॅनेलं, लाकडी पट्ट्या, छताचं कापड, सगळं काढायचं, नीट करायचं आणि होतं तसं परत बसवायचं. शिवण माझी, बसवणं त्यांचं. अशी बत्तीस वर्षं झाली. भांडलो नाही असा दिवस गेला नाही, पण बसवण्याच्या कामात मी कधी नाक खुपसलं नाही.

त्यांची एक रीत होती. स्क्रू ज्या जागेचा, त्याच जागेच्या डबीत जायचा. एकदा शेजारचा रंगारी म्हणाला, एवढ्या डब्या कशाला, एकीतच टाका की सगळे. तर हे म्हणाले, मग तुझ्या घरातल्या सगळ्यांच्या कवळ्याही एकाच वाटीत ठेवत जा. डबीतून स्क्रू उचलला की लांबी बोटांनाच कळायची, बघावं लागायचं नाही.

मग साखरेच्या आजारानं बोटं बधिर व्हायला लागली. सांगतील तर शपथ! मला कळलं ते चहाच्या पेल्यामुळे. उकळता पेला हातात घेऊन आरामात बसून राहिले आणि संध्याकाळी पाहते तर तळहाताला फोड. तेव्हापासून त्यांची पाठ वळली की मी त्यांचं काम तपासायला लागले. ढिला स्क्रू आवळायचा, सुटलेली क्लिप दाबायची. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तसं. स्वतःला फार शहाणी समजत होते मी.

वकीलसाहेबांची गाडी आली. त्यांच्या वडिलांची, साठ वर्षांची. आतलं लाकूड सगळं मूळचं, काचा मूळच्या, आता कुठे मिळणार नाहीत अशा. ह्यांनी अकरा दिवस घेतले. कामाच्या दुसऱ्याच दिवशी जेवताना मला म्हणाले, "या गाडीत हात चुकला तर मी समजून जाईन. मग पुन्हा गाडीला शिवायचं नाही." मी म्हटलं, काहीतरीच बोलू नका, भाजी घ्या. पण काम गेलं तर हा माणूस जगायचा कशावर, हे मला ठाऊक होतं.

शेवटच्या दिवशी हे हात धुवायला गेले. मी घाईघाईनं चारी दारं पाहिली. चालकाच्या दाराच्या वरच्या लाकडी पट्टीतला एक स्क्रू वाकडा बसला होता. काढला, तर त्याचे आटे गेलेले. जवळच्या डबीतला दुसरा घेतला आणि घट्ट पिळला. ती डबी हात टेकायच्या दांडीची होती, तिथले स्क्रू लांब. वरच्या पट्टीला आखूडच लागतो, कारण तिच्यामागून काच खाली उतरते. हे मी त्यांच्या तोंडून हजारदा ऐकलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि हाताला ठाऊक असणं वेगळं.

वकीलसाहेब आले, आत बसले, लाकडावरून हात फिरवला, खूश झाले. मग काच खाली करायला हँडल फिरवलं. कर्रकन आवाज झाला आणि काच तडकून दाराच्या पोटात कोसळली.

ह्यांनी पट्टी काढली, तो स्क्रू बाहेर घेतला, दोन बोटांत फिरवला. काही कळेना, तेव्हा चष्मा लावून पाहिला.

"लांब आहे," ते म्हणाले. "आणि मला कळलंच नाही."

मी तीन पावलांवर होते. मूग गिळून उभी राहिले. वकीलसाहेबांसमोर लाज वाटली हे खरं, पण तेवढंच नाही. मनात आलं, बरं झालं, आता घरी बसतील, हातपाय भाजून घेणार नाहीत. असा नीच विचार मी केला.

हत्यारं पुसून त्यांनी रंगाऱ्याला देऊन टाकली. घरी आले ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. दाढी सोडली. वाढलं तर जेवायचे, नाहीतर नाही. एके सकाळी शर्ट घालून माझ्यासमोर उभे राहिले, म्हणाले, बटणं तूच लाव, माझ्याकडून चुकतील. तेव्हा मला राहवेना. तिथंच सगळं सांगितलं. पट्टी कुठली, डबी कुठली, कधी बदलला, सगळं. आजवर चोरून काय काय आवळलं तेही.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. रागावले नाहीत. रागावले असते तर मी पाय धरले असते.

"बत्तीस वर्षांत तू माझ्या कामाला कधी हात लावला नाहीस," ते म्हणाले. "आता माझी चूक स्वतःवर घ्यायला निघालीस होय? वेडी आहेस. पण अशी बायको मिळायला भाग्य लागतं."

त्यानंतर मी दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा त्यांनी तसंच मायेनं ऐकलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.