देवळामागची दगडी डोणी

महाशिवरात्रीच्या यात्रेत देवळाचा इतिहास माइकवरून सांगायचं काम आमच्या गावात माझ्या वडलांचं. हिंगोलीहून, पुसेगावहून गाड्या भरून लोक येतात, दर्शन घेऊन पिंपळाच्या पारावर टेकतात, आणि बाबा सुरू होतात: चुन्याचा कणही न वापरता ह्या शिळा एकमेकींवर कशा बसवल्या, खांबावर मृदंग वाजवणारी बाई कुठं आहे, बारवेचं पाणी उन्हाळ्यातही का आटत नाही.

ह्या वर्षी मी सकाळच्या एसटीनं माहेरी पोचले, तर बाबांचा आवाज पार बसलेला. हळद शिजवताना आठवडाभर कढईचा धूर घशात गेला होता. त्यांनी माइक सरळ माझ्या हातात दिला.

“मला कुठं येतं?” मी म्हटलं.

“लहानपणापासून आयकून राहिली नं?” ते घोगऱ्या आवाजात कुजबुजले. “बोल बिनधास्त.”

एकदा सुरुवात केली आणि मला थांबवेना. शिळा, मृदंगवाली, बारव, सगळं धडाधड येत गेलं. लोक माना वर करून खांब न्याहाळू लागले. बाबा डोळ्यांनीच “व्हय, व्हय” म्हणत होते.

शेवटी मी म्हटलं, “देवळामागं जंगल लागतं. तिकडं बघण्यासारखं काही नाही.”

“काहून न्हाई?” गर्दीतून आवाज आला.

जंगलाच्या कडेला जो तांडा आहे, तिथली एक म्हातारी उठून उभी राहिली होती. आरशांची ओढणी, हातात काठी. तांड्यातले सगळे तिला याडी म्हणतात, म्हणजे आई. ती म्हणाली, “आमचे लोक बैलांवर मीठ लादून ह्याच वाटंनं जायचे. देवाला हात जोडायचे अन् बैलांना तिथंच पाणी पाजायचे. दगडाची डोणी हाय. माझ्या सासूनं दावली होती मला.”

बाबांनी माझा दंड धरला. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण डोळे लेकरासारखे चमकत होते. “चल,” एवढंच म्हणाले आणि माझ्याही पुढं निघाले.

अर्धी यात्रा आमच्या मागं! पळस पेटल्यासारखा फुलला होता, सागाची वाळली पानं पायाखाली कडाकडा मोडत होती. याडी दोनदा चुकली, दोनदा थांबून हसली. मग एका घाणेरीच्या जाळीवर तिनं काठी आपटली. “हितं!”

कोयते आले. फांद्या पडू लागल्या. तेवढ्यात कुणाचा तरी कोयता दगडावर खणकन वाजला. पालापाचोळा, माती उपसली, आणि एका अखंड काळ्या दगडात कोरलेली लांबलचक डोणी उघडी पडली. काठावर रांगेनं खाचा पडल्या होत्या, बैलांच्या माना घासून घासून गुळगुळीत झालेल्या. मी खाचेत तळहात ठेवला. बराबर बसला!

“हर हर महादेव!” एकच गजर उठला. बायांनी बारवेवरून कळशांची रांग लावली, हातोहात पाणी येऊ लागलं. डोंगरकडा गावाहून बैलगाडीनं आलेल्या एका शेतकऱ्यानं आपली जोडी सोडून आणली. पांढऱ्या बैलानं पाणी हुंगलं, फुरफुरला आणि प्यायला लागला. याडी त्याच्या पाठीवर थाप मारून आपल्या बोलीत काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही, पण ती रडतही होती आणि हसतही होती.

बाबा डोणीच्या काठावरच बसले. “इतकी वर्षं मी अर्धंच सांगून राहिलो,” ते कुजबुजले. त्यात खंत नव्हती. नवं पुस्तक हातात पडलेल्या मुलासारखे ते खुशीत होते.

दुपारी दुसऱ्या गाड्या आल्या, तेव्हा मी याडीला पारावर शेजारी बसवलं. देवळाचं मी सांगितलं, वाटेचं तिनं. तिच्या सासूनं शिकवलेलं बैलांचं गाणंही ती गायली. माझी परतीची एसटी केव्हा निघून गेली, कळलंसुद्धा नाही.