नेरिसच्या नावावरची पेन्शन

नेरिस प्रॉसर माझी भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. आमच्या दरीतल्या रांगेच्या घरांत शेजारणीने चहात साखर ढवळली तरी ऐकू येते, त्यामुळे तिचं पुष्कळसं आयुष्य मला न विचारताच कळत गेलं.

ती चव्वेचाळीसची असताना तिच्या आईला अर्धांगवायू झाला. नेरिसने शिवणाच्या कारखान्यातली नोकरी सोडली. आईला उचलणं, धुणं-पुसणं, भरवणं, सगळं तिच्यावर आलं. थोरला भाऊ गेथिन कार्डिफ शहरात. गालिच्यांची दोन दुकानं होती त्याची. महिन्यातून एका रविवारी तो यायचा, आईच्या कपाळावर ओठ टेकवायचा, नेरिसने तव्यावर भाजलेले मनुकांचे केक खायचा आणि मॅच सुरू व्हायच्या आत निघायचा.

पहिल्याच वर्षी मार्चमध्ये तो म्हणाला, "नेरिस, तुझ्या नावावर पेन्शन भरतोय मी. वर्षाला दोन हजार आठशे ऐंशी पौंड. वर सरकार सातशेवीस घालतं, करातली सवलत म्हणून."

"पण मी कुठे कर भरते? मी तर कमवतच नाही."

"तीच तर गंमत आहे! न कमावणाऱ्यालाही सवलत मिळते. फक्त याहून जास्त भरलं तर त्यावर मिळत नाही."

त्या दिवशी नेरिस कपडे वाळत घालता घालता माझ्यासमोर रडली. "माझ्या म्हातारपणाचा कुणी विचार केलाय गं," म्हणाली.

मग दर वर्षी एप्रिलच्या आत गेथिन पैसे भरायचा आणि क्लबात ग्लास हातात घेऊन सांगायचा, "बहिणीचं म्हातारपण मार्गी लावलंय मी." चॅपेलमधल्या बायका म्हणायच्या, असा भाऊ मिळायला नशीब लागतं.

एकदा नेरिसची कंबर धरली. तिने फोन केला, "आठवडाभर आईला नेशील का रे तुझ्याकडे? मला उभं राहवत नाही."

"अगं, मी पैसे भरतोय ना?" तो म्हणाला.

नेरिसने फोन ठेवला. त्या आठवड्यात आईला बाथरूमपर्यंत मी आणि ती दोघींनी मिळून नेलं. पुन्हा तिने त्याच्याकडे कधी काही मागितलं नाही.

आई गेली तेव्हा नेरिस छप्पन वर्षांची होती. आईला सांभाळण्याचा भत्ता दोन महिन्यांत थांबला. घरभाड्यासाठी आणि पोटासाठी तिने अर्ज करून सरकारी मदत सुरू करून घेतली, नोकरीही शोधू लागली. दुकानांतली पोरं विचारायची, मधली बारा वर्षं काय केलंत?

मे महिन्यात गेथिन आला. त्याचं एक दुकान बंद पडलं होतं आणि दुसरं पडायच्या बेतात होतं. मी मटणाचा रस्सा द्यायला गेले होते, तिथेच स्वयंपाकघरात उभी होते. तो आईच्या खुर्चीत बसला.

"पंचावन्न ओलांडलंस, आता ते पैसे काढता येतात. सही कर."

"ते माझ्या म्हातारपणासाठी आहेत ना?"

"नावावर तुझ्या होते गं. भरले कुणी?" तो हसला. "माझ्या नावावर ठेवून काढले असते तर करात केवढे तरी गेले असते. तुझं उत्पन्न शून्य. म्हणून तर तुझं नाव घातलं."

नेरिसने विचारलं, "म्हणजे पहिल्यापासून हेच ठरवलं होतंस?"

"आता शब्दात पकडू नकोस. दुकान बुडालं तर माझ्या पोरांनी काय करायचं? सावरलो की परत भरेन."

मला राहवलं नाही. "नेरिस, सही करू नकोस."

"बाई, हा आमच्या घरातला मामला आहे," गेथिन म्हणाला.

तिने सही केली. तो गेल्यावर मी चिडले, तर म्हणाली, "नाही म्हटलं असतं तर मरेपर्यंत ऐकवलं असतं त्याने."

घाई असल्यामुळे त्याने सगळी रक्कम एकदम काढायला लावली. ती सगळी तिचं त्या एका वर्षाचं उत्पन्न धरली गेली, त्यामुळे कर कापला गेलाच, आणि त्यावरूनही तो तिच्यावरच डाफरला. उरलेले पैसे तिच्या खात्यावर आले आणि तसेच त्याच्याकडे गेले.

खरी कुऱ्हाड नंतर पडली. मदतीच्या ऑफिसात खात्यावरचे पैसे कुठे गेले म्हणून विचारलं. नेरिसने खरं ते सांगितलं. समोरची मुलगी वाईट नव्हती, हळूच म्हणाली, "पेन्शनमध्येच राहू दिले असते तर तुमच्या वयाला आम्ही ते धरले नसते. पण तुम्ही काढलेत आणि आपणहून देऊन टाकलेत. आमच्या लेखी ते अजून तुमच्याकडेच आहेत."

मदत बंद झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. भाडं थकलं. तिने गेथिनला फोन केला. तो म्हणाला, सध्या हात रिकामे आहेत, आणि सही तर तुझीच होती.

शेवटी शाळेच्या स्वयंपाकघरात मोठी पातेली घासायचं काम मिळालं, दुपारचे तीन तास. तिथल्या बाईंनी समजावलं, "पगार कमी आहे, म्हणून पेन्शनसाठी पगारातून कपात आपोआप सुरू होत नाही. पण तुम्ही मागितलीत तर होईल. वर सरकारही थोडं घालतं."

"नको," नेरिस म्हणाली.

मीही तिला समजावून पाहिलं. "वेडी आहेस का? हे तुझ्या घामाचं असेल. तुझ्याच नावावर."

"नावावरचं आपलं असतं हे आता मला नको शिकवूस," ती म्हणाली.

गेल्या नाताळात गेथिन चॉकलेटचा डबा घेऊन आला. दुकान सावरलं होतं, अंगावर नवा कोट होता. नेरिसने डबा दारातच घेतला, थँक्यू म्हणाली आणि दार लावून घेतलं. मी पायऱ्यांवरचा बर्फ सारत होते. तो माझ्याकडे वळला.

"आई गेल्यापासून फार बदललीय हो ती," तो म्हणाला. "मी तिच्यासाठी काय कमी केलं, तुम्हीच सांगा."

मी फावडं आत घेतलं आणि कडी लावली.