गाडी येतेय, थांबा

माझी आत्या शिवणकाम करते आणि आगगाड्या चालवते. पहिल्या गोष्टीबद्दल घरात कुणाची तक्रार नव्हती. दुसरीची मात्र बाबांना, म्हणजे तिच्या धाकट्या भावाला, भयंकर लाज वाटायची. पाहुणे आले की ते तिच्या खोलीचं दार ओढून घेत आणि म्हणत, "आत ताईचा शिवणाचा पसारा आहे." तेवढ्यात आतून इंजिनाची शिटी वाजायची. आत्या मुद्दाम वाजवायची, हे मी छातीठोकपणे सांगते.

खोलीच्या भिंतींना कमरेच्या उंचीवर फळ्या ठोकलेल्या आणि त्यांवर रूळ. रुळांखालची खडी म्हणजे चाळलेली वाळू. झाडं भांडी घासायच्या काथ्याची, तारेवर पिळून हिरवी रंगवलेली. फलाटावरची माणसं नखाएवढी, पण दोघांचे कपडे एकसारखे असलेले तिला खपत नसत. शिवणारीच्या फलाटावर असलं चालायचं नाही. नवं इंजिन आणलं की आधी त्याची चकाकी घालवायची, कोळशाची पूड आणि मऊ ब्रश घेऊन. "नवं कोरं इंजिन खोटं दिसतं गं," ती म्हणायची. "राबणाऱ्या वस्तूनं राबल्यासारखं दिसावं." गल्लीतले लोक तिला चिडवायला स्टेशनमास्तर म्हणू लागले, तेव्हा तिने स्वतःसाठी काळी टोपी शिवली आणि ती घालून भाजी आणायला गेली.

रूळ खोलीभर गोल फिरवायचे तर वाटेत दार येणारच. तिथे तिने बिजागरीवर उचलता येणारा फळीचा पूल बसवला होता. त्या दाराचा कायदा एकच: गाडी चालू असताना पूल उचलायचा नाही. चहा घेऊन गेलेली आई उंबऱ्यावर उभी राहायची. मी परीक्षेचा निकाल सांगायला धावत गेले, तर मीही उभी. "गाडी येतेय, थांबा." बाबासुद्धा कुरकुरत थांबायचे. खालून वाकून जाता येतं, पण बाबांची कंबर वाकत नाही आणि मान तर त्याहून नाही.

एका रविवारी जेवताना बाबांनी जाहीर केलं की ती खोली आता पाहुण्यांसाठी. "ताई, या वयात आगगाडी खेळतेस. लोक हसतात. उद्या मिस्त्री येईल, फळ्या कापून काढेल. बाकीचं खोक्यात भर, माळ्यावर टाकू."

"हसू देत. दात त्यांचे."

"पाहुण्यांना खोली लागते."

"कुठल्या पाहुण्यांना? आल्या आल्या घड्याळ बघतात, त्यांना?"

माझं डोकं फिरलं. इतक्या वर्षांचं काम करवतीखाली जाणार, आणि तेही न राहणाऱ्या पाहुण्यांसाठी! मी म्हटलं, "बाबा, तुम्ही रोज संध्याकाळी हॉलमध्ये पत्ते कुटता, त्याला कुणी हसत नाही ते?"

"मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस," बाबा म्हणाले. उत्तर नसलं की ते हेच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री करवत घेऊन आला. खोलीचं दार सताड उघडं होतं, पूल खाली होता आणि घरातली सगळ्यांत लांब मालगाडी गरागरा फेऱ्या मारत होती. मधोमध स्टुलावर आत्या, डोक्यावर टोपी.

"ताई, गाडी थांबव."

"नाही थांबवत."

"मी मेन स्विच बंद करीन."

"कर ना. गाडी पुलावरच उभी राहील बघ. मग उचल पूल, गाडीसकट. तुझ्या हाताने उचल, म्हणजे मला कळेल माझा भाऊ कसा आहे ते."

बाबा स्विचकडे गेले नाहीत. पण मागेही हटेनात. मालगाडी पुलावरून गेली, फिरून आली, पुन्हा गेली. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मनात म्हणत होते, आत्या, हटू नकोस.

मिस्त्रीला दिवसभराची आणखी कामं होती. त्याने आमची नाटकं जराशी बघितली, करवत काखेत धरली आणि पूल उचलायला सरळ हात घातला. गाडी कोपऱ्यावरून वळत होती.

बाबांनी झडप घालून त्याचं मनगट धरलं. "अहो मिस्त्री! दिसत नाही का? गाडी येतेय, थांबा!"

आपण काय बोललो ते बाबांना बोलून झाल्यावर कळलं. त्यांचे कान लालबुंद झाले. मालगाडी त्या दोघांच्या हातांखालून डबा डबा करत खडखडत गेली. तिचा शेवटचा डबा पलीकडे जाईपर्यंत बाबांनी मनगट सोडलं नाही.

"साहेब," मिस्त्री म्हणाला, "आता मी थांबू का जाऊ?"

आत्याने शिटी वाजवली. मी इतकी हसले की आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि सवयीने उंबऱ्यावर थांबली.

"जा," बाबा पुटपुटले. कुणाकडे न बघता ते हॉलमध्ये गेले आणि एकटेच पत्ते पिसत बसले.

मिस्त्री गेला. फळ्या अजून भिंतीवर आहेत. पाहुणे आले की बाबा आता दार ओढून घेत नाहीत. आणि त्या दिवशीची मालगाडी थांबली ती आत्याला भूक लागली तेव्हा, त्याआधी नाही.