दुधाचं कलम

काही देशांशी होणाऱ्या मुक्त व्यापार कराराचा मसुदा लिहिणाऱ्या दिल्लीतल्या गटात मी होते. माझ्याकडे दुधाचं कलम होतं. पारनेरजवळ आमच्या गावी वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, गोठ्यात चार गाई होत्या.

एकदा आबांनी फोनवर विचारलं, "बाहेरची स्वस्त दूध पावडर येनार म्हनत्यात. खरं हाय का?"

मसुदा गुप्त होता. "आबा, मला सांगता येत नाही," मी म्हणाले.

"बरं, नको सांगू," ते म्हणाले आणि जेवणाचं विचारू लागले.

पुढे बरीच ओढाताण होऊन दूध करारातून वगळलं गेलं, म्हणजे बाहेरची पावडर येणार नव्हती. ते जाहीर होताच मी आनंदानं फोन केला.

"गाई तर मागच्याच म्हैन्यात श्रीगोंद्याला इकल्या गं," आबा म्हणाले. "तू बोलली न्हाईस, मला वाटलं वाईटच आसंल."

सुट्टीत घरी गेले. रिकामा गोठा त्यांनी झाडून ठेवला होता.

"परत आणू या का?" मी विचारलं.

"नको. तिकडं रुळल्या आसत्याल आता."

मी चहा टाकायला आत गेले. दूध पिशवीचं होतं.