पाळीवर बंद पडणारी गाडी

सगळ्यात आधी सांगते — मी या असल्या गोष्टी मानणाऱ्यांतली नाही. नवेगाव बांधला माझं मेडिकलचं दुकान आहे. "बाहेरचं काहीतरी लागलंय" म्हणून हाताला धरून आणलेली माणसं नेहमीच बघते, आणि त्यातल्या निम्म्यांना ओआरएसची पुडी न् उरलेल्यांना डॉक्टरचा पत्ता देऊन परत पाठवते. या सदरात एक दिवस तूही लिहिशील असं कोणी म्हटलं असतं, तर त्यालाही एक पुडी दिली असती. पण मागच्या पावसाळ्यात जे झालं ते झालंच, आणि त्याबद्दल कुठेतरी आभार मानायचे राहून गेलेत. म्हणून हे लिहिणं.

घरात आम्ही दोघंच, मी आणि बाबूजी. आई जाऊन बरीच वर्षं झाली, आणि मी लग्न केलं नाही… ते प्रकरण वेगळं. बाबूजींच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्यात. आठवड्यातून दोनदा गोंदियाला नेऊन डायलिसिस करावं लागतं. आमचं गाव नवेगाव बांधच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून आत आहे. सुरुवातीला आम्ही बसनेच जायचो. गावातून ऑटो, मग कोहमाऱ्यापर्यंत एक बस, तिथून गोंदियाची दुसरी. परत येताना बाबूजींच्या अंगात उभं राहायचीही ताकद नसायची. एकदा बस चुकली, खेप हुकली, आणि रात्रभर ते उशीला टेकून बसून श्वास ओढत राहिले. छातीत पाणी भरलं होतं. औषधांचं दुकान चालवणारी मी, आणि घरात माझ्याकडे द्यायला काहीच नव्हतं. त्या रात्रीनंतर ठरवलं, काहीही होवो, यापुढे खेप हुकवायची नाही.

नवी गाडी झेपणारी नव्हती. बाजूच्या गावच्या कौसल्याकाकूंच्या अंगणात एक पांढरी जुनी हॅचबॅक उभी होती. त्यांचे यजमान कवडूकाका त्याआधीच्या हिवाळ्यात वारले. त्या गावच्या तलावाचं पाणी सोडायचं काम आयुष्यभर त्यांच्याकडे होतं. मुलगा नागपूरला. तो कधी आला की काकूंना त्यातून फिरवून आणायचा, एरवी गाडी उभीच. गोंदियाच्या माझ्या ओळखीच्या मेकॅनिकने तपासून दिली — इंजिन ठणठणीत, टायर बरे. राखीच्या आसपास व्यवहार झाला. किल्ली देताना काकू एवढंच म्हणाल्या, "धुवून पुसून ठेवजो वं बाई. त्यायले घाण गाडी चालत नव्हती."

पहिल्याच आठवड्यात गाडीने रंग दाखवला.

आमच्या गावातून बाहेर पडायचा रस्ता त्याच तलावाच्या पाळीवरून जातो. पाळ म्हणजे तलाव अडवणारा मातीचा बांध. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली धानाच्या बांध्या, भाताची खाचरं, आणि त्यांच्या टोकाला दोन्ही गावांची घरं. पाळीच्या मध्यावर तुडूम आहे, म्हणजे शेतात पाणी सोडायची जुनी दगडी मोरी. बरोबर तिथे आले आणि इंजिन बंद झालं. खोकलं नाही, हिसका दिला नाही… कोणी किल्ली फिरवून बंद करावं तसं, शांतपणे.

"शालू, काऊन थांबवली वं?"

"मी कुठं थांबवली बाबूजी! बंद पडली."

किल्ली फिरवून फिरवून मनगट दुखलं. थोड्या वेळाने आपोआप सुरू झाली, आणि गोंदियापर्यंत पाण्यासारखी गेली. नव्या-जुन्याची सवय व्हायची असेल म्हणून मी सोडून दिलं. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. तीच जागा. त्यानंतर कधी जाताना, कधी येताना. हायवेवर नाही, गोंदियाच्या गर्दीत नाही, फक्त तुडमाजवळ. मेकॅनिकने आधी बॅटरी बघितली, मग वायरिंग, मग पेट्रोलचा पंप बदलून टाकला. फरक पडेना, तेव्हा मी त्याला एकदा सरळ पाळीवरच आणलं. त्याने स्वतः दोन-तीन फेऱ्या मारल्या. एकदाही बंद पडली नाही.

"मॅडम, गाडी में कुछ नहीं है," तो हात पुसत म्हणाला. "गाडी को आपसे प्रॉब्लेम है."

दुकानात बातमी पसरलीच. कोणी लिंबू बांध म्हणालं, कोणी कवडूकाकांचा जीव गाडीत अडकलाय म्हणालं. मी सगळ्यांना फटकारलं. शेवटी काकूंनाच फोन करून जरा तिखटच विचारलं, की गाडीत आधीपासून काही खोट होती का. त्या बिचाऱ्या घाबरल्या. "नाही वं, त्यायनं तर रोज चालवली, कधी बंद नाही पडली. तुले नको असंल तर वापस आणून दे, मी बोलणार नाही." एवढं सरळ उत्तर आल्यावर माझाच आवाज खाली आला.

पण मग एक दिवस गाडी पाळीवर नेहमीपेक्षा जास्त अडली. आम्ही पोहोचलो तोवर बाबूजींचं मशीन दुसऱ्या पेशंटला लागलं होतं. उशिरा, अर्धवट डायलिसिस झालं. घरी आल्यावर पुन्हा तोच श्वास, पुन्हा ती उशी. बाबूजी मला म्हणाले, "राहू दे शालू. नको ओढाताण करू. जेवढं झालं तेवढं बस." मी त्यांच्यावर खूप ओरडले, आणि नंतर स्वयंपाकघरात जाऊन रडले. सकाळीच ठरवलं, पुढची एक खेप करायची आणि गाडी काकूंच्या अंगणात नेऊन उभी करायची.

पोळा होऊन गेला होता. चार-पाच दिवस झड लागलेली, तलाव काठोकाठ. त्या सकाळी पाऊस जरा थांबला तसे आम्ही निघालो. आणि अर्थातच… तुडमाजवळ इंजिन बंद.

मी स्टेअरिंगवर हात आपटला. गाडीला, मेकॅनिकला, स्वतःला, तोंडाला येईल ते बोलत सुटले. बाबूजींनी त्यांच्या बाजूची काच खाली केली होती.

"चूप बस जरा," ते म्हणाले.

"काय चूप बसू? परत उशीर—"

"चूप बस म्हणलं ना! ऐक."

तुडमातून पाणी पडल्याचा आवाज येत होता, एकसारखा, भरदार.

"हा तुडमाचा," बाबूजींनी बोट दाखवलं. मग मान दुसरीकडे वळवली. "मंग हा कायचा वाजून राहिला?"

आता मलाही ऐकू आलं. तुडमापासून थोडं पुढे, पाळीच्या खालच्या अंगाला, बुडबुड… गळकी बादली भरताना येतो तसा आवाज. इंजिन चालू असतं तर कानावर पडलाच नसता.

मी चप्पल हातात घेऊन गवतातून खाली उतरले. पाळीच्या पायथ्याशी एक भोक पडलं होतं आणि त्यातून पाणी उसळत होतं. ते भोक कशाचं, हे मला लगेच कळलं. आमच्याकडे झड लागली की खेकडे बिळातून वर येतात, आणि लोक सब्बल, म्हणजे पहार, घेऊन पाळीच्या बुडाशी बिळं खणत बसतात. कवडूकाका होते तोवर कोणाची हिंमत नव्हती. पाळीवर सब्बल दिसली की ते शिव्या घालत धावत जायचे. ते गेले, पाणी सोडायचं काम आळीपाळीने वाटून घेतलं गेलं, आणि पाळ बघायचं काम कोणाचंच राहिलं नाही. ते खेकडे घेऊन लोक माझ्या दुकानासमोरच विकायला बसतात, आणि पावसाळ्यात आमच्याकडे रस्सा होतोच. दोष कोणाला द्यायचा?

"पाणी साफ आहे का गढूळ?" बाबूजी गाडीतून ओरडले.

"गढूळ! एकदम लाल!"

"मंग माती चालली आतून! पाळ जाते शालू, फोन लाव गावात!"

साफ पाणी झिरपलं तर चालतं, गढूळ आलं की पाळ आतून पोखरली जातेय… हे आमच्याकडे शेती करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. मी पोलीस पाटलाला फोन लावला, मग ज्याचा नंबर सापडेल त्याला. आधी चार-पाच जण धावत आले, मग ट्रॅक्टर आला, मग अख्खं गाव. तणसाचे, म्हणजे भाताच्या पेंढ्याचे भारे, राइस मिलचा जुना बारदाना, त्यात भरलेला मुरूम. काही जण सांडव्याकडे पळाले, तिथला कचरा काढून पाण्याला वाट करून द्यायला. बाया डोक्यावरून मातीची घमेली आणत होत्या. ज्यांनी बिळं खणली तेही त्यात होतेच, आणि सगळ्यात जास्त तेच राबत होते.

मधल्या वेळात मी किल्ली फिरवून बघत होते. गाडी ढिम्म. बाबूजींचा श्वास पुन्हा वर चढायला लागला होता, तरी काचेतून मान काढून "बुडापासून रचा रे, वरून नका फेकू!" म्हणून ओरडणं चालूच. मी हॉस्पिटलच्या सिस्टरला फोन केला. खरं सांगते, रडतच केला. ती म्हणाली, "ताई, तुम्ही या. मशीन मी ठेवते." त्या मुलीला देव सुखी ठेवो.

खालून कोणीतरी ओरडलं, "थांबलं! गढूळ थांबलं!" मी सहज, काही आशा न धरता किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं.

बाबूजींना त्या दिवशी पूर्ण डायलिसिस मिळालं. पाटबंधारेवाले दुसऱ्या दिवशी येऊन बघून गेले. ते म्हणाले, संध्याकाळपर्यंत पाळ टिकली नसती. म्हणजे खालची शेतं आणि घरं तर गेलीच असती, पण आमचा बाहेर पडायचा एकुलता रस्ताही वाहून गेला असता, भर पावसाळ्यात. मग बाबूजींना गोंदियाला कुठून नेलं असतं मी?

चार दिवसांनी पेढे घेऊन काकूंकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"तुडमाजवळच बंद पडे?"

"हो काकू. दर वेळी."

"ते तिथंच बंद करत," त्या हळूच म्हणाल्या. "जाता-येता, रोज. म्हणत, इंजिन चालू असलं का पाण्याचा आवाज समजत नाही. किल्ली फिरवत, काच खाली करत, अन् कान देऊन बसत. तू फोनवर बिघाड विचारला… हा काय बिघाड होय? म्हणून मी सांगतलं नाही."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आनंदाचं असेल. पण त्या म्हणाल्या, "ते गेल्यावर पोरगा मले याच गाडीत बसवून किती डाव पाळीवरून घेऊन गेला… एकदा नाही थांबली वं. माह्यासाठी एकदा नाही." पेढ्यांचा पुडा तसाच हातात राहिला.

मेकॅनिक म्हणतो, झडीचा ओलावा वायरिंगमध्ये गेला असेल. असेल बाबा. पण ओलावा बरोबर तुडमाजवळच का यायचा, आणि पाळीचं भोक बुजवल्यावर दिवाळीपर्यंत गाडी एकदाही का बंद पडली नाही, ते त्याला सांगता येत नाही. मलाही येत नाही, आणि मी आता शोधायचं सोडून दिलंय. भुताखेतांवर अजूनही माझा विश्वास नाही. कवडूकाकांना भूत म्हणायला जीभच वळत नाही.

दिवाळीनंतर काकूंना डोळे दाखवायला गोंदियाला जायचं होतं. बाबूजीच म्हणाले, "आपल्यासंगं घेऊन चाल त्यायले. माह्या खेपेच्या दिवशीच." काकूंना मी पुढे बसवलं, बाबूजी मागे. पाळीवर चढलो. धान कापून झालेलं, तलाव शांत. मी आपली बोलत होते, काकू खिडकीबाहेर बघत होत्या.

तुडमाजवळ इंजिन बंद झालं. खोकलं नाही, हिसका दिला नाही.

मी किल्लीकडे हात नेला नाही. मागच्या सीटवर बाबूजींनी हात जोडले होते, ते मला आरशात दिसलं. काकूंनी काच खाली केली. त्या पाण्याकडे कान देऊन बसल्या, आणि घाई कोणालाच नव्हती. मग त्यांनी पदराने डोळे पुसले, पदर नीट केला, आणि माझ्याकडे नाही, स्टेअरिंगकडे बघून घरात बोलतात तसं म्हणाल्या,

"अवो, झालं ना ऐकून? चाला आता. भाऊले उशीर होऊन राहिला."

मी किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली, आणि बाबूजी वेळेवर पोहोचले.