सुभद्राकाकीच्या खळ्यातलं गाणं

मसुरे गावच्या एका वाडीत पंधरा ऑगस्टची प्रभातफेरी सुभद्राकाकीच्या घरापुढच्या खळ्यात थांबल्याशिवाय पुढे जात नसे. तिचा मुलगा प्रीतम सैन्यात भरती झाला त्या वर्षी शाळेने ही प्रथा पाडली. पोरं ओळीने उभी राहायची, शाळेच्याच एका जुन्या गुरुजींनी बांधलेलं देशाचं गाणं म्हणायची आणि काकी प्रत्येकाच्या हातावर शेव-गुळाचा कडक खटखटा लाडू ठेवायची. लहानपणी प्रीतमही हेच गाणं म्हणायचा. गळा बेताचाच, पण उत्साह दांडगा. सगळ्यांच्या आधी अर्धा शब्द सुरू व्हायचा नि गुरुजींच्या टपल्या खायचा. पुढे रजेवर आला की हा मिशीवाला बाप्या पोरांच्या मागे उभा राहून तसाच घाईने गायचा. पोरं हसून हसून लोळायची.

गेल्या फाल्गुनात डोंगरातल्या रस्त्यावरून त्याची गाडी दरीत गेली. तिरंग्यात लपेटलेला प्रीतम घरी आला तेव्हा गाव रडला, एकटी काकी रडली नाही. "दगड झाली गो," बायका कुजबुजल्या. तिच्या डोक्यात मात्र एकच होतं. त्याचे कपडे राहिले, फोटो राहिले. आवाज कुठेच नाही. फोनवर एवढं बोलणं व्हायचं, पण ते जपून ठेवायचं कुणाला सुचतं? आता तो आवाज कुठे असलाच तर त्या गाण्यात असेल. ती पंधरा ऑगस्टची वाट बघत राहिली.

त्या दिवशी सकाळी पावसाने उघडीप दिली. खळं झाडून ती पायरीवर बसली. तिचा नवरा हरिश्चंद्र मागच्या परड्यात निघून गेला.

ढोलाबरोबर गाणं पाणंदीतून जवळ जवळ आलं आणि फाटकाशी एकाएकी थांबलं. तोंडावर बोट ठेवून पोरं घरावरून पुढे सरकू लागली.

काकी धावतच फाटकाशी गेली. "बाई, माजा घर चुकलास काय?"

सारिकाबाई कोल्हापूरकडच्या, शाळेत नवीन. त्या ओशाळल्या. "काकांनीच निरोप दिला होता, काकी. वर्ष सरेपर्यंत या घरी गाणं-बजावणं नको म्हणाले. तुमच्याकडची रीत आहे ना…"

रीत होतीच. काकीने वळून परड्याकडे पाहिलं.

"त्येंकाच ह्या गाणा आयकवाचा नाय, म्हणान रीत फुडे केल्यानी. गणपतीत आरतेक कोण नाय इले तरी चलात. पण ह्या गाण्याक खंयचो दुखवटो? येवा गो, येवा सगळी."

पोरं आत आली. बाईंनी हात वर केला आणि गाणं सुरू झालं. एका सुरात, एका दमात. बाईंनी तयारीच तशी करून घेतली होती. काकी डोळे मिटून ऐकत होती.

"परत म्हणा," ती म्हणाली.

पोरांनी परत म्हटलं.

"सगळी एकदम सुरू करतत," काकी पुटपुटली. "एकान तरी आदी सुरू करा रे."

पुढच्या ओळीतली तन्वी गोंधळली. "काकी, फुडे गेलंव तर बाई ओरडतत."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. झेंडावंदनाला उशीर होत होता, तरी बाई काकीच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाही ओरडणार. म्हण तू."

तन्वीने सगळ्यांच्या आधी सूर धरला. थेट प्रीतमसारखा, अर्धा शब्द आधी. पण आवाज तन्वीचाच होता, बारीक नि गोड. त्यात दुसरं कुणी नव्हतं. काकीने डोळे उघडले. समोर नुसती पोरं होती, गणवेशातली, दुसऱ्यांची.

ती मटकन खाली बसली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हंबरडा फोडून रडली. पोरं घाबरून अडखळली. बाईंना स्वतःला गाता येईना; त्यांनी हातानेच खूण केली, म्हणत राहा.

हरिश्चंद्र घराच्या कोपऱ्याशी येऊन उभा होता. त्याला तिच्याजवळ जाववेना की परत फिरवेना. पोरं गात राहिली.