मीटरचा नवा सेन्सर

आमच्या बुधवारा मोहल्ल्यातल्या घरी हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन आणलं आणि यांना काही दिवस बरं वाटलं. मग धाप पुन्हा वाढली. मी नर्स. दवाखान्यातलं ऑक्सिजन मोजायचं मीटर डॉक्टरांना विचारून घरी आणलं आणि मशीनच्या नळीला लावलं. आकडा नव्वदच्या वर हवा होता. मीटरने सत्तर दाखवला.

त्या दिवशी आमच्याकडे सणासारखं झालं. दोष मशीनचा होता, यांच्या फुप्फुसांचा नव्हता.

"पगार पूरा घेते अन् काम आधं," हे मशीनकडे बघून कामवालीबद्दल बोलावं तसं म्हणाले. "घालव हिला."

मी इंदूरच्या दुकानदाराला फोन करून दुसरं मशीन सांगितलं. यांनी शाहपुरच्या बहिणीला कळवूनही टाकलं, की केळी कापायच्या वेळी येतो.

मीटर परत नेलं तेव्हा सवयीने दवाखान्याच्या सिलिंडरला लावून पाहिलं. आत शुद्ध ऑक्सिजन, तरी आकडा शंभरच्या खूप खाली. मीटरचा सेन्सर संपला होता. तो जुना झाला की असाच कमी दाखवतो.

नवा सेन्सर आला, तेव्हा मीटर पुन्हा घरी आणून तो मी घरीच बसवला. जुना फिरवून काढला, नव्याचं पाकीट फाडलं, बसवून थोडा वेळ उघड्या हवेत ठेवला आणि आकडा एकवीसवर आणला. साध्या हवेत तेवढाच ऑक्सिजन असतो. मग घरच्या राखीव सिलिंडरवर पाहिलं. बरोबर शंभर. यांना त्या सिलिंडरवर ठेवून मी मशीनची नळी हातात घेतली आणि फडक्याने पुसत बसले.

"आता पुसत काय बसलीस?" हे म्हणाले. "लाव ना."

लावली. आकडा चढत गेला. तो ऐंशीच्या आत थांबावा म्हणून मी बघत राहिले. तो त्र्याण्णववर गेला आणि तिथून हलला नाही.

यांनी चष्मा लावला. "मशीन तर चांगलं आहे."

"हो."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "इंदूरवाल्याला मना करून टाक. उगाच पाठवून देईल बिचारा."

मी तिथेच उभी राहून फोन लावला. दुसरं मशीन नको, पहिलंच ठीक निघालं, एवढंच सांगितलं.

"ये तो अच्छी खबर है, दीदी," दुकानदार म्हणाला. "साहब को मिठाई खिलाओ."

त्याचा आवाज मोठा. यांना ऐकू गेलं.

"विचार त्याला, कोणती," हे म्हणाले.

मी फोन ठेवला आणि मशीनची नळी परत त्यांच्या नाकाला लावली.